साइट पिवळ्यात गेली की बोट आपोआप उडतं? टार्गेट पॅनिक आणि दचकण्यावर काय चाललं, काय नाही

तिरंदाजीत निशाण समोर आलं की बाण सोडण्यावरचा ताबाच जातो, त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. दीड वर्ष हा प्रकार भोगलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मी कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मारते, त्या वेळी माझं मनगटाला पट्ट्याने बांधायचं ट्रिगरवालं रिलीज (दोरी धरून सोडायचं साधन) होतं. सुरुवात अशी झाली की साइटची पिन (निशाण धरायचं टिंब) वरून खाली येताना टार्गेटच्या कागदावरच्या मधल्या पिवळ्याला नुसती टेकली की बोट ट्रिगरवर आदळायचं, म्हणजे मी ठरवायच्या आधीच बाण गेलेला असायचा, आणि गंमत म्हणजे पहिले दोन-तीन महिने स्कोअर चक्क वाढला! म्हणून तर कळलं नाही. दहा लागतायत म्हटल्यावर कोण कशाला चौकशी करतंय. मग हळूहळू पिन लाल रंगात असतानाच बोट उडायला लागलं, मग निळ्यात, आणि एके दिवशी धनुष्य पुरतं ओढून व्हायच्या आतच बाण बट्रेसच्या (ज्यावर कागद लावतात त्या जाड फळीच्या) वरून गेला. मागे भिंत होती म्हणून नुसत्या बाणावर भागलं. त्या दिवशी कळलं की हे आपोआप बरं होणारं दुखणं नाही.

आधी आपलं नक्की काय होतंय ते बघा, कारण सगळ्याला सरसकट टार्गेट पॅनिक म्हणतात आणि मग आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं. माझ्यासारखं ट्रिगर हाणणं हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे पिन पिवळ्याच्या खाली सहा वाजताच्या जागी येऊन अडकते, मध्ये काच बसवल्यासारखी, कितीही जोर लावा वर जातच नाही, मग शेवटी माणूस वैतागून वर झटका देतो आणि त्या झटक्यातच सोडतो. रिकर्व्हवाल्यांचं (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) क्लिकरवर, म्हणजे बाण पुरता ओढला की टक् वाजणाऱ्या पट्टीवर होतं, शेवटचे दोन मिलिमीटर ओढले जात नाहीत, हात थरथरतो, नाहीतर क्लिकर पडायच्या आधीच बोटं उघडतात. आणि साधं धनुष्य मारणाऱ्यांना क्लिकरही नसतो आणि ट्रिगरही नसतो त्यामुळे त्यांचा हात हनुवटीपर्यंत पोचतच नाही, नाकासमोरूनच दोरी सुटते. ते बिचारे वर्षानुवर्षं 'माझी स्टाइलच फास्ट आहे' म्हणत बसतात. स्टाइल असेल तर दहा सेकंद थांबून मारून दाखव म्हणावं.

या सगळ्यापेक्षा वेगळं असतं साधं दचकणं. डोळे मिटणं, खांदा वर उडणं, मान मागे जाणं. यात बऱ्याचदा पॅनिकचा काही संबंध नसतो, कुठेतरी दुखतंय किंवा कधीतरी जोरात लागलंय आणि अंगाला ते लक्षात आहे, एवढंच.

ओळखायची सोपी युक्ती. बट्रेसवरचा कागद काढून टाका, दोन-तीन मीटरवर उभे राहा आणि दहा बाण मारा. इथे सगळं शांत, सावकाश, छान जमलं आणि कागद लावल्याबरोबर पुन्हा तेच सुरू झालं तर टार्गेट पॅनिक. कागद नसतानाही दचकताय तर बहुतेक करून सामान किंवा दुखणं, ते आधी बघा. दुसरी परीक्षा जोडीदाराला घेऊन. तुम्ही ओढून निशाण धरायचं, तो मनात येईल तसं 'मार' किंवा 'उतरव' (ओढलेली दोरी सावकाश परत ने) म्हणणार. 'उतरव' म्हटल्यावर पिवळ्यातून बाण न सोडता शांतपणे धनुष्य उतरवता आलं नाही, किंवा तो काही बोलायच्या आतच बाण गेला, तर उत्तर मिळालं. मला दहापैकी दोनदाच जमलं होतं. सरांनी काही न बोलता नुसतं पाहिलं आणि माझ्या क्विव्हरमधले सगळे बाण काढून घेतले, एकच ठेवला.

मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ पण काढा, बाजूने. हे मला फार उशिरा सुचलं. का सांगते, दोरी सुटल्यापासून बाण धनुष्यातून बाहेर पडेपर्यंत साधारण १५ ते २० मिलिसेकंद लागतात, कंपाउंडला त्याहूनही कमी. माणसाला काहीतरी जाणवून हालचाल करायला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे सुटल्याच्या आवाजाने किंवा झटक्याने तुम्ही दचकलात तर तोवर बाण केव्हाच गेलेला असतो, त्या दचकण्याने त्याचं काही बिघडत नाही. बाण खराब करणारं दचकणं हे सुटायच्या आधीच सुरू झालेलं असतं. म्हणजे अंगाला आता सुटणार हे आधीच ठाऊक असतं. २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम चार मिलिसेकंदांची, तेव्हा दोरी सुटायच्या आधीच्या चाळीस-पन्नास फ्रेम एकेक करून बघा, खांदा कधी उचलला, बोट कधी आवळलं, धनुष्याची मूठ कधी घट्ट झाली. माझी मूठ बोटाच्या आधी आवळली जात होती! मी सहा महिने बोटालाच शिव्या घालत होते.

आता हे का होतं? धीर नाही, मन कमकुवत आहे, घाबरट आहे असलं काही नसतं, कृपया असं कुणाला बोलू नका. हजारो वेळा तेच घडलेलं असतं, पिन पिवळ्यात आली, सोडलं, दहा लागला, बरं वाटलं. खिशात मोबाइल थरथरला की हात जातोच ना, तसं पिवळा दिसला की बोट जातं. विचार मध्ये येतच नाही. त्यात चुकण्याची भीती मिसळली की मेंदूला वाटतं आत्ता बरोबर आहे, आत्ताच सोड, नाहीतर निसटेल. काही जणांचा मेंदू उलटा शहाणा असतो, तो म्हणतो पिवळ्यात गेलो की सुटतं, मग पिवळ्यात जायलाच नको. तो सहा वाजता अडकणारा गट. मूळ एकच, निशाण दिसणं आणि सोडणं या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्यात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की त्या सोडवायच्या, वेगवेगळ्या शिकायच्या आणि मग सावकाश पुन्हा जोडायच्या. बाकी जे काही लोक सांगतात ते एक तर या तिन्हीपैकी कशात तरी बसतं नाहीतर वेळ घालवणं आहे.

आणि हे फक्त तिरंदाजीत नाही. गोल्फवाले याच्या भावंडाला यिप्स म्हणतात, बर्नहार्ड लँगरसारखा दोनदा मास्टर्स जिंकलेला माणूस त्यात अनेकदा अडकला आणि अनेकदा बाहेर आला. डार्ट्समध्ये डार्टायटिस म्हणतात, पाच वेळा जगज्जेता झालेल्या एरिक ब्रिस्टोच्या हातातून डार्ट सुटेनासा झाला होता. म्हणजे हे नुसतं नवशिक्यांचं दुखणं नाही, भरपूर मारणाऱ्यांनाही होतं.

उपायाकडे जायच्या आधी सामान तपासा, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

सगळ्यात पहिलं पाउंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. झेपत नाही एवढं जड धनुष्य हे पॅनिकचं खतपाणी. कंपाउंडला लेट ऑफ असतो, म्हणजे पुरतं ओढल्यावर जोर कमी लागतो, ६० पाउंडांचं धनुष्य ८० टक्के लेट ऑफला शेवटी १२ पाउंडच धरायचं असतं, पण रिकर्व्हला ४० म्हणजे शेवटच्या क्षणाला पुरते ४०. अंगात धरायची ताकद नसेल तर मेंदू घाई करणारच, त्याचं काय चुकलं? ओढून, अँकर करून (हात चेहऱ्याशी ठरलेल्या जागी टेकवून) १५ सेकंद न थरथरता धरता येत नसेल तर लिंब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन हात बदला, हलके लावा. यात लाज कसली. मी कंपाउंडचे ५२ वरून ४४ केले, लोकांनी विचारलं, मी सांगितलं डॉक्टरांनी सांगितलंय.

मग दुखणं. दोरी कोपराखाली लागते का? आर्म गार्ड लावाच पण कोपर फिरवून तो दोरीच्या वाटेतून बाजूला करायलाही शिका, नाहीतर गार्ड लावूनही अंग दचकतच राहतं. दोरी हनुवटीला, कानाला, छातीला घासते का? ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढायची ती लांबी) जास्त असली की हे सगळं होतं. फिंगर स्लिंग किंवा बो स्लिंग (धनुष्य हातातून पडू न देणारी दोरी) नाहीये? मग धनुष्य पडेल म्हणून मूठ आवळली जाणार, आणि आवळायची वेळ बरोबर सुटायच्या आधीची असणार. माझ्या मुठीचं कारण हेच निघालं, माझी स्लिंग लांब झाली होती, धनुष्य पुढे उडी मारायचं तेव्हा क्षणभर हातातून गेल्यासारखं वाटायचं. दोन सेंटिमीटर आखूड केली. सहा महिने!

ट्रिगर फार हलका असेल तर तोही घात करतो, बोट ठेवायचीच भीती बसते. थोडा जड करा, बोटाचं टोक नाही तर पहिल्या पेऱ्यापर्यंत बोट ट्रिगरभोवती नीट वळवून ठेवता येईल इतका.

कंपाउंडवाल्यांच्या स्कोपमध्ये जास्त पॉवरची लेन्स असेल तर ती काढा निदान सध्या. जितकं मोठं दिसतं तितकं हलतंही मोठं. हिशेब बघा, ७० मीटरवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, आणि साइट डोळ्यापासून साधारण ८५ सेंटिमीटरवर धरली तर पिन अवघी दीड मिलिमीटर सरकली की दहाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. दीड मिलिमीटर! जिवंत माणसाचा हात एवढा हलणारच, श्वासानेच हलतो. तिला खिळा ठोकल्यासारखी थांबवायचा प्रयत्न म्हणजे पॅनिकला आमंत्रण. हलू द्या. बारीक टिंबाऐवजी गोल रिंग लावून बघा, रिंगेत पिवळा नुसता तरंगत असला तरी चालतो. खूप स्पष्ट दिसलंच पाहिजे असंही नाही, दक्षिण कोरियाचा तिरंदाज इम डाँग-ह्यूनचे डोळे फारच कमकुवत होते आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला त्याने ७२ बाणांत ६९९ मारून विश्वविक्रम केला होता.

बरं, आता खरं काम. पहिली अट सगळ्यात जड आहे: स्कोअर बंद. पूर्ण बंद. 'आठवड्यातून एकदाच मोजते' हे पण नाही. मी तीन वेळा सुरुवात केली आणि तीनही वेळा दुसऱ्या आठवड्यात 'बघू तरी किती सुधारलंय' म्हणून कागद लावला, ये रे माझ्या मागल्या. एका वाईट सत्रात पंधरा दिवसांचं काम वाया जातं, कारण प्रत्येक हाणलेला बाण जुनी सवय आणखी घट्ट करतो. चौथ्या वेळी कागदांची गुंडाळी भावाकडे देऊन टाकली तेव्हा जमलं.

पहिला भाग, सोडणं पण निशाण नाही. कागद नाही, साइट पण काढून ठेवा, दोन-तीन मीटरवर मोठा बट्रेस, छातीच्या उंचीला. आधी डोळे उघडे ठेवून बाण बट्रेसच्या मधोमध रोखला आहे ना ते बघायचं, ओढायचं, अँकर, मग डोळे मिटायचे आणि पाठीने ओढत राहायचं, सुटेल तेव्हा सुटेल. मागेपुढे कोणी नाही याची खात्री करा आणि पहिले काही दिवस कुणालातरी शेजारी उभं करा, डोळे मिटल्यावर हात नकळत वर जातो. लक्ष फक्त अंगाकडे. दोन्ही खांद्यांच्या फऱ्या जवळ येतायत का, मूठ सैल आहे का, सुटल्यावर हात कुठे गेला. रोज ४० ते ६० बाण, जास्त नको, दमलं की घाई येते. साधारण तीन आठवडे मी एवढंच केलं. भयंकर कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या आठवड्यात एकदा बाण असा सुटला की मीच चकित झाले, अरे गेला पण! दीड वर्षात पहिल्यांदा मला माहीत नसताना बाण गेला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर डोळे मिटूनसुद्धा लोक हाणतातच. हालचाली दोन जातीच्या असतात. माशी मारायला हात फिरवला की तो मध्येच थांबवता येत नाही, सुरू झाली की संपणारच. सुईत दोरा ओवताना मात्र कुठल्याही क्षणी थांबता येतं. तुमचं सोडणं माशीच्या जातीचं झालंय, ते दोऱ्याच्या जातीत आणायचंय. म्हणून दर तीन-चार बाणांनंतर एकदा मुद्दाम अर्ध्यावर ट्रिगर दाबून थांबायचं आणि उतरवायचं. थांबता आलं म्हणजे ताबा तुमचा. थांबता येत नाही तोवर पुढे जाऊ नका. मी ओढताना मनात शब्द म्हणते, 'ओढ, ओढ, ओढ', एकाच लयीत, आणि शब्द मध्येच तुटला किंवा मेंदू 'आता!' म्हणाला की लगेच उतरवते. मोठ्याने म्हटलं तर अजून चांगलं, लोक बघतात, बघू देत.

दुसरा भाग, निशाण पण सोडणं नाही. हे त्याच दिवसांत वेगळ्या वेळी. कागद लावा, दहा मीटरवर, बाण लावून ओढा, पिवळ्यात धरा, पाच-सात सेकंद पिवळ्यात तरंगू द्या, उतरवा. बाण अजिबात मारायचा नाही. बोट ट्रिगरच्या मागे, दांड्यावर. बाण न लावता हे करू नका, चुकून सुटलं तर रिकामी दोरी सुटते आणि धनुष्याचे तुकडे होऊ शकतात, कंपाउंडला तर फारच धोका. शिवाय धनुष्य कायम बट्रेसकडेच. रोज २० वेळा. सहा वाजता अडकणाऱ्यांसाठी हाच मुख्य उपाय आहे, त्यांच्या मेंदूला हे कळायला हवं की पिवळ्यात गेलं म्हणून काही सुटत नाही. त्यांनी वरून खाली यायचं बंद करून खालून वर जायचं किंवा खालून जात असतील तर वरून यायचं, तेवढ्यानेही काच फुटते कधीकधी. पहिल्या चार-पाच दिवसांत पिन पिवळ्यात नेल्यावर अक्षरशः घाम फुटायचा मला, बोट ट्रिगरवर नसतानाही आवळलं जायचं! तिथेच कळतं की हे किती खोल गेलंय.

घरात करायचं असेल तर दोरीचा फास. जाड दोरी घेऊन तुमच्या ड्रॉ लेंथएवढा लांब फास होईल अशी गाठ मारायची, एक बाजू धनुष्याच्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात, दुसऱ्या बाजूला रिलीज किंवा बोटं. धनुष्य नाही, बाण नाही, धोका नाही. टीव्ही बघताना ५० वेळा ओढून सोडा. गाठ घट्ट असू द्या आणि रिलीजचा हात तोंडाकडे उडणार नाही असं धरा, माझ्या ओठावर एकदा आदळलंय.

मग जोडणं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. तीन मीटरवर सगळ्यात मोठा कागद, १२२ सेंटिमीटरचा, इतका जवळ की चुकणं शक्यच नाही. साइट परत लावा. आता ओढायचं, धरायचं, आणि निर्णय निशाण धरायच्या आधीच घ्यायचा, म्हणजे अँकर झाल्यावर स्वतःला विचारायचं, आज हा बाण सावकाश ओढून मारणार का? हो असेल तर त्यानंतर फक्त ओढणं, पिनकडे डोळे असतील पण पिनवरून ठरवायचं काहीच नाही. तीन दिवस ओळीने एकही हाणलेला बाण नाही गेला तर दोन-तीन मीटर मागे. एक जरी हाणला तरी त्या दिवशी निम्म्या अंतरावर परत. तीन, पाच, आठ, बारा असं करत मी १८ मीटरवर पोचायला सात आठवडे घेतले आणि ५० वर जायला आणखी दोन महिने. बारा मीटरवर दोनदा मागे आले. त्या अंतरावर का, कुणास ठाऊक, पण माझी काच तिथेच होती. प्रत्येकाची एक जागा असते, तिथे तंबू ठोकून बसायची तयारी ठेवा.

रिलीज बदलू का, हे सगळेच विचारतात. थंब बटन, हिंज, टेन्शन रिलीज. बदला, पण भ्रमात राहू नका. नवं रिलीज हातात आलं की चार दिवस स्वर्ग, मग मेंदू ते पण शिकतो, नव्याचे नऊ दिवस. हिंजला ट्रिगर नसतो, ठरावीक कोनात फिरलं की सुटतं, त्यामुळे हाणायला जागा नाही असं वाटतं, पण मनगट झटकून हिंज पण हाणणारे लोक मी बघितलेत. टेन्शनवाल्याला सेफ्टी सोडल्यावर ठरलेल्या पाउंडांच्या वर ओढलं की सुटतं, शिकायला हे सगळ्यात चांगलं असं माझं मत, कारण पाठीने ओढल्याशिवाय ते ढिम्म हलत नाही आणि झटका दिला की लगेच बाणावर दिसतं. मी रिकाम्या बट्रेसवर टेन्शनवालं वापरलं आणि आता स्पर्धेला थंब बटन. नवं रिलीज काहीही असो, आधी दोरीच्या फासावर शंभरएक वेळा, मग धनुष्यावर. हिंज थेट धनुष्यावर लावून ओढताना अर्ध्यात सुटलं की मूठ तोंडावर येते, आणि मग आगीतून फुफाट्यात, पॅनिक राहिलं बाजूला, नवीन दचकणं सुरू.

रिकर्व्हच्या क्लिकरबद्दल मला स्वतःचा अनुभव नाही पण आमच्यातल्या दोघींचं जवळून पाहिलंय. दोघींनाही आधी क्लिकरची जागा तपासायला लावली, एकीचा तीन मिलिमीटर मागे होता, म्हणजे तिला रोज अंग ताणून तिथे पोचावं लागत होतं, पॅनिक वगैरे नव्हतंच ते. दुसरीला खरंच होतं. तिला दिलेला व्यायाम असा, क्लिकर पडला की सोडायचं नाही. क्लिक ऐकायचं, दोन सेकंद आणखी ओढत राहायचं, उतरवायचं. दहापैकी आठ वेळा असं आणि दोनदाच मारायचं, कुठले दोन ते शेजारच्याने ठरवायचं, क्लिकनंतर. आवाज आणि बोटं उघडणं यांची गाठ सुटायला तिला महिना लागला, मध्ये काही दिवस क्लिकर पूर्ण काढूनही मारलं. साध्या धनुष्यवाल्यांना दोरीवर एक छोटं पीस लावून ते नाकाला टेकेपर्यंत ओढायचा नियम करता येतो, टेकलं नाही तर उतरवायचं, एवढाच कायदा.

काय चाललं नाही तेही सांगते. 'मन शांत ठेव', 'श्वास घे', 'पॉझिटिव्ह विचार कर'. श्वासाने एकूण बरं वाटतं पण बोट श्वासाला विचारून उडत नाही हो. जास्त बाण मारणं, हे तर सगळ्यात घातक, मी दिवसाला २०० बाण मारत होते की सराव कमी पडतोय म्हणून. आणि भराभर मारून पॅनिकला गाठू द्यायचं नाही ही युक्ती, ती तर पॅनिकच आहे.

परत येतं का? येतं. स्पर्धेत, दमल्यावर, नवं धनुष्य घेतलं की, बरेच दिवस सुट्टी झाली की. मी आता प्रत्येक सत्राचे पहिले १५ बाण रिकाम्या बट्रेसवर मारते आणि वहीत स्कोअरच्या शेजारी किती वेळा उतरवलं ते लिहिते. शून्य लिहावं लागलं की मला भीती वाटते, कारण त्याचा अर्थ सगळे बाण परिपूर्ण होते असा नसतो, मी उतरवायचं विसरले असा असतो. गेल्या स्पर्धेत आळीपाळीने मारायची मॅच होती, बाणाला २० सेकंद, मी दुसऱ्या एंडला (बाणांच्या फेरीला) पिन पिवळ्यात असताना मेंदू 'आता!' म्हणाला म्हणून उतरवलं, परत ओढलं, आणि घड्याळ संपलं. तो बाण गेलाच, शून्य. मॅच पण गेली. मागून सरांनी टाळी वाजवली, समोरच्या मुलीला वाटलं तिच्यासाठी आहे.